शाल नको, स्टूल द्या

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एडी लुइसचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. 1994 चं, पॅरिसमधल्या एका क्लबातलं. हा हॅमंड ऑर्गनवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या ऑर्गनवर, आणि पियानोवर मिशेल पेत्रुचियानी. सोबत तबल्या-ड्रमचं कोणी नाही, दोघंच. "निवांत बसून ऐका" एवढंच लिहिलं होतं. कोणीतरी विचारलं, हा कोण? तर मी सांगून बसले, की फ्रान्सचा मोठा जॅझवादक, रक्तवाहिन्यांच्या आजारात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा डावा पाय कापावा लागला. झालं. दोन मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. "पाय नसताना माणूस काय करतो बघा, आणि आपण गुडघा दुखला की रडतो." "सलाम या जिद्दीला." दोन मिनिटांत! तेवढ्यात पहिली रचनासुद्धा संपत नाही. एकानेही ऐकलेलं नव्हतं.

फोन पालथा ठेवून कणीक मळायला घेतली, पण डोकं शांत होईना. कारण मला आमचे काका आठवले.

तुमच्यातल्या काहींनी काकांना ऐकलंय. संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करायचे. पायाने भाता मारायचा तो जुना ऑर्गन, दोन्ही पाय आळीपाळीने चालले तरच सूर अखंड राहतो. एका रात्री प्रयोग संपवून परत येताना टेम्पो कलंडला आणि तोच ऑर्गन काकांच्या डाव्या पायावर आला. घोट्याचा चुरा झाला. पाय राहिला, पण भाता दाबण्याचं बळ त्यात पुन्हा आलं नाही.

तीन वर्षांनी एका संस्थेचं बोलावणं आलं. काकांनी दोन महिने तयारी केली. एका पायाने भाता कसा चालवायचा, दम कुठे घ्यायचा, कुठल्या जागी सूर तुटणार आणि तो उजव्या हाताने कसा झाकायचा, सगळं बसवलं. काकूंनी धोतर इस्त्री केलं. आम्ही गेलो तर काकांची खुर्ची पहिल्या रांगेत. मध्यंतराआधी शाल, श्रीफळ, "नियतीवर मात करणारे" असं निवेदन, सगळं सभागृह उभं. आणि साथीला दुसराच कोणी कीबोर्ड घेऊन बसलेला. घरी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "मला वाटलं, वाजवायला बोलावलंय."

हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

आता मला सांगा, ग्रुपवरचे ते हात आणि ती शाल यात फरक काय? दोन्हीकडे माणसाच्या पायाकडे बघितलं जातं. त्याच्या सुराकडे कोण बघतं?

एडी लुइसचा पाय जाण्याआधी त्याची तीस वर्षांची कारकीर्द होती हो! वडील मार्टिनिक बेटावरून आलेले, ट्रम्पेट वाजवणारे. पोरगा त्यांच्याच बँडमध्ये वाढला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'डबल सिक्स' या गायकांच्या संचात गायला, 1964 मध्ये जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या नावाचा पुरस्कार मिळाला. क्लोद नुगारोसारख्या गायकाला वर्षानुवर्षं साथ केली. अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ 1971 मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात वाजवायला उभा राहिला तेव्हा मागे ऑर्गनवर हाच होता. पुढे कितीतरी हौशी वादकांना घेऊन भलामोठा बँड उभा केला. यातलं काहीही विचारावंसं वाटत नाही, फक्त पाय!

बरं, पायाचंच बोलायचं तर नीट बोलू. हॅमंड ऑर्गनच्या बी-3 या प्रकाराला हाताच्या पट्ट्यांचे दोन थर, खाली पायाने दाबायच्या खर्जाच्या 25 पट्ट्या. जॅझवाले साधारणपणे चालता खर्ज, म्हणजे एकामागून एक चालत राहणारे खालचे सूर, डाव्या हाताने धरतात आणि डाव्या पायाने त्याला ठोका देतात. उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर. म्हणजे डावा पाय गेला तर ऑर्गनवाल्याचं नेमकं काय जातं ते बघा. आतून येणारा धक्का जातो. जाणकार म्हणतील, नुसत्या डाव्या हातानेही खर्ज निभतो. निभतो, मान्य. पण मग त्या हाताकडे कान देऊन ऐका ना! तिथे कौतुकाला खरी जागा आहे.

आणि समोर पेत्रुचियानी. जन्मतः ठिसूळ हाडं, उंची जेमतेम तीन फूट, पियानोच्या पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून खास जोडणी लागायची. 1999 मध्ये गेला, वय 36. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये दोघं एकमेकांना सोडतच नाहीत. एकाने तुकडा टाकला की दुसरा उचलतो, वळवतो, परत देतो. डोळे मिटून ऐकलं तर कोणाच्या शरीरात काय कमी आहे ते कळतसुद्धा नाही. कळू नयेच.

जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनला 1993 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, डावा हात पूर्वीसारखा राहिला नाही. तरी तो परत आला, वाजवत राहिला. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच, "आता ती मजा नाही." नसेल. वेग कमी झाला होता, खोटं कशाला बोलू? काहींनी खरंच थांबायला हवं असतं, हेही खरं. पण ते त्या माणसाने ठरवायचं. आयोजकाने पहिल्या रांगेत खुर्ची टाकून ठरवायचं नाही.

शाल देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. इतकी वर्षं झाली, आता मला ते कळतं. त्यांना भीती वाटली असेल, मध्येच सूर तुटला तर काकांचीच शोभा होईल. काकांची काळजीच केली त्यांनी. पण विचारलं असतं तर? एकदा नुसतं विचारलं असतं, "काका, वाजवणार का?"

विचारलं ते पुढच्या वर्षी, आमच्या गावच्या देवळातल्या उत्सवात गाणाऱ्या एका बाईंनी. मोठं नाव नव्हतं त्यांचं. शाळेत शिकवायच्या, हौसेने नाट्यपदं म्हणायच्या. घरी आल्या आणि म्हणाल्या, "साथीला तुम्हीच हवात, कसंही वाजवा." मी तेव्हा अकरा वर्षांची. काकांनी मला स्टुलावर डावीकडे बसवून घेतलं आणि माझा पाय डाव्या भात्यावर ठेवला. उजवा भाता त्यांचा, डावा माझा.

पहिल्याच पदात माझा पाय चुकला. सूर हुंदका दिल्यासारखा मध्येच खाली गेला. मी रडकुंडीला आले. बाईंनी तान तिथेच सोडली, तबलजीकडे बघून ठेका चालू ठेवायला सांगितला आणि काकांकडे वळून थांबल्या. देवळात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी उभं राहिलं नाही. सगळे नुसते थांबले. काका माझ्या कानाशी म्हणाले, "घाई करतेयस. त्यांचा श्वास ऐक आणि दाब." आणि बाईंनी पद पुन्हा उचललं.

कणीक मळून झाल्यावर ते रेकॉर्डिंग मी परत लावलं, सुरुवातीपासून. ग्रुपवर अजून हात जोडणं चालूच आहे. एका भाच्याने मात्र आत्ता विचारलंय, "मावशी, मधे तो ऑर्गन एकदम हळू होतो आणि पियानो एकटाच राहतो, ते मुद्दाम का?"

त्याला फोन करतेय.