चीजसाठी ए-2 दूधच हवं, असं कोणी सांगितलं?

माझ्या चुलत बहिणीनं साताऱ्याजवळ घरगुती चीजचा छोटा व्यवसाय सुरू केलाय. शेजारच्या गोठ्यातल्या संकरित गायींचं दूध ती घ्यायची. ते तिनं बंद केलं आणि जवळपास दुप्पट भावाचं ‘ए-2’ दूध लावलं. कारण घरच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज. त्यात म्हटलंय की देशी गायीचं ए-2 दूध अमृत आणि जर्सी-एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या विदेशी गायींचं ए-1 दूध विष, त्यानं मधुमेह, हृदयविकार, ऑटिझम होतो. या गायी डुकराची जनुकं घालून तयार केल्यात. ए-2 चं प्रोटीन शुद्ध, म्हणून पनीर आणि चीज त्याचंच उत्तम होतं. दुधाची ॲलर्जी असेल तर ए-2 बिनधास्त द्या. आणि तूप खायचं तर फक्त ए-2 चं.

मी डेअरी टेक्नॉलॉजी शिकलेय आणि चीजच्या व्हॅटपाशी, म्हणजे दूध गोठवायच्या मोठ्या भांड्यापाशी, काम केलंय. आता बहिणीच्या खिशाला चाट बसायला लागल्यावर गप्प बसवत नाही.

आधी चीजचंच घेते, कारण मेसेजमधलं सगळ्यात बिनबुडाचं विधान तेच आहे. ए-1 आणि ए-2 हे बीटा केसीन या प्रोटीनचे दोन प्रकार. 209 अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यात 67 व्या जागी ए-2 मध्ये प्रोलीन असतं, ए-1 मध्ये हिस्टिडीन. फरक एवढाच. यात शुद्ध-अशुद्ध असं काही नाही.

चीजसाठी दूध गोठतं ते मुख्यतः दुसऱ्याच प्रोटीनच्या जोरावर. त्याचं नाव कॅपा केसीन. दुधातलं केसीन बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं आणि कॅपा केसीन त्या गोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला केसांसारखं उभं असतं, म्हणून ते गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध गोठवायचं विरजण, घातलं की त्यातलं एन्झाइम कॅपा केसीनला नेमकं 105 आणि 106 या अमिनो आम्लांच्या मध्ये कापतं. बाहेरचा भाग निवळीत (गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यात) निघून जातो आणि उघडे पडलेले गोळे कॅल्शियमच्या मदतीनं एकमेकांना धरतात. दूध गोठतं ते असं.

या कॅपा केसीनचेही जनुकीय प्रकार असतात, मुख्य म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’. नावातलं ‘ए’ पाहून गोंधळ करू नका, बीटा केसीनच्या ए-1, ए-2 शी त्याचा संबंध नाही. ज्या गायीला आई आणि बाप दोघांकडून ‘बी’ मिळालाय, तिच्या दुधात कॅपा केसीनचं प्रमाण जास्त असतं आणि गोळे लहान असतात. ते दूध लवकर गोठतं, घट्ट गोठतं आणि चीजचा उताराही चांगला देतं. व्हॅटपाशी हे हाताला कळतं. चाकू तिरका घालून हलकेच उचलला की चांगलं गोठलेलं दूध सरळ रेषेत चिरतं आणि फटीत स्वच्छ, हिरवट निवळी दिसते. गोठण कमजोर असेल तर कडा फाटतात, निवळी दुधाळ येते. त्या दुधाळपणात तुमचं फॅट आणि केसीन वाहून चाललेलं असतं. म्हणूनच चीजवाल्या देशांत सांडांच्या कॅटलॉगमध्ये कॅपा केसीन ‘बीबी’ आहे की ‘एबी’ हे छापलेलं असतं.

आता हा ‘बी’ कुठे भरपूर सापडतो? जर्सीत. मेसेजनं जिला विषारी ठरवलंय त्याच जर्सीत. वर तिच्या दुधाला फॅट आणि केसीनही जास्त. आपल्या देशी गायींत कॅपाचा ‘ए’च जास्त आढळतो, एचएफमध्येही ‘ए’च जास्त. आणि बीटा केसीनचं म्हणाल तर युरोपातल्या गायींवरच्या अभ्यासांत दोन्ही बाजूंनी ए-2 असलेल्या गायींचं दूध रेनेटनं उशिरा आणि मऊ गोठताना दिसलंय. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या उलट.

बहिणीच्या बाबतीत तेच घडलं. नवं दूध नीट गोठेना. तिनं रेनेट वाढवलं, आणि जास्त रेनेटनं होतं तसं चीज मुरताना कडू झालं. सगळा दोष जनुकांचाच असं मी म्हणणार नाही. गाय आटत आली असेल किंवा कासदाह असेल तरी दूध असंच वागतं. पण दुप्पट पैसे मोजून चीज सुधारलं नाही, हे तर समोर आहे.

पनीरचा यात संबंधच नाही. तिथे दूध तापवून आम्ल घालतो, रेनेट नाही. आणि पनीर म्हशीच्या दुधाचं उत्तम होतं हे कुठलाही हलवाई सांगेल.

आता विषाचं. ए-1 पचताना बीसीएम-7 नावाचा सात अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो, हे खरं. त्यावरून मधुमेहाची, हृदयविकाराची भीती उठली, ती मुख्यतः देशादेशांच्या आकडेवारीची तुलना करून. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2009 मध्ये हा सगळा पुरावा तपासला आणि या तुकड्याचा अशा कुठल्याही आजाराशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असं स्पष्ट लिहिलं. शिवाय साधा विचार करा. साधारण दहा लिटर दुधाचं एक किलो चीज होतं आणि त्यात उरतं ते मुख्यतः केसीन आणि फॅट. ए-1 विष असतं तर पिढ्यान्‌पिढ्या चीज खाणारा युरोप केव्हाच अंथरुणाला खिळला असता.

डुकराच्या जनुकांबद्दल फार लिहीत नाही. जर्सी गाय मूळची ज्या बेटावरची, त्या जर्सी बेटानं बाहेरची गुरं आणायला 1789 मध्येच कायद्यानं बंदी घातली होती. तेव्हा जनुक हा शब्दही जन्माला आला नव्हता.

काय खरं आहे तेही सांगते. आपल्या देशी गायी जवळजवळ सगळ्या ए-2 आहेत, हे बरोबर. पण म्हशीचं दूधही ए-2 च असतं, आणि महाराष्ट्रात कितीतरी घरांत ते वर्षानुवर्षं येतंय, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. कित्येक एचएफ आणि जर्सी गायीही ए-2 असतात. गायीचा रंग आणि वशिंड पाहून ते ठरत नाही, तपासणी लागते. काही लोकांना ए-2 दुधानं पोट कमी फुगल्यासारखं वाटतं, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. त्यातल्या बऱ्याच चाचण्यांना ए-2 दूध विकणाऱ्या कंपनीचाच पैसा होता, तरी ज्याला बरं वाटतं त्यानं खुशाल प्यावं.

तुपाचं तर बोलायलाच नको. ए-2 हे प्रोटीन आहे आणि तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ फॅट. कढवताना प्रोटीन बेरीत जातं आणि बेरी आपण गाळून काढतो. एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ऑगस्ट 2024 मध्ये ए-1, ए-2 चे दावे वेष्टनांवरून काढायला सांगितलं, तेव्हा फॅटच्या पदार्थांवरचा असा दावा दिशाभूल करणारा आहे हे त्यात लिहिलं होतं. काही दिवसांतच तो आदेश चर्चेसाठी मागे घेतला गेला. तुपात प्रोटीन जवळजवळ नसतं ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

ॲलर्जीचा मुद्दा मात्र जिवाशी खेळ आहे. ज्या बाळाला दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ए-2 दूध सुरक्षित नाही. 209 पैकी 208 अमिनो आम्लं तीच, बाकीची प्रोटीनंही तीच. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं वेगळं, पण ए-2 मध्ये लॅक्टोजही तेवढंच असतं. तुमच्या ग्रुपवर कुणाच्या घरी असं बाळ असेल तर हा मेसेज आजच काढून टाका, आणि त्या आईला फोन करून सांगा की मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच दूध द्यायचं नाही.