तिकीट, मत आणि पक्ष

तिकीट हा शब्द मराठीत दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे माणसाचा जीव काढतो. महाराष्ट्रात इच्छुकाला पक्षाचं तिकीट हवं असतं आणि इकडे न्यू जर्सीत मला मुंबईचं. आयत्या वेळी भाव दोघांचेही वाढतात, आणि आपली जागा कुणी उपरा पळवेल ही धास्ती दोघांनाही असते. फरक एवढाच की इच्छुकाला डावललं तर तो बंडखोरी करू शकतो. मला दोहावरून जावं लागतं.

‘मंगळवारी पहाटे बघ, स्वस्त मिळतं’ हा सल्ला देणाऱ्यांची एक पिढी आता निवृत्त झाली, पण सल्ला काही निवृत्त होत नाही. खरी गोम वेगळीच आहे. एकाच विमानातल्या एकसारख्या खुर्च्या कंपनी वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत विकते. स्वस्त कप्पा संपला की पुढचा महाग कप्पा उघडतो. आता समजा स्वस्तातल्या तीनच जागा उरल्यात आणि तुम्ही चौघांचं तिकीट एकदम शोधलंत, तर यंत्र तीन स्वस्त आणि एक महाग असा हिशेब सहसा करत नाही. चौघांनाही महाग कप्प्यात टाकतं. म्हणून आधी एकाचा भाव बघायचा, मग चौघांचा. माणशी आकडा वाढला तर तीन अधिक एक असं फोडून काढायचं. मात्र फोडलेली दोन आरक्षणं फोन करून एकमेकांना जोडून घ्यावीत. विमान रद्द झालं तर तिघं मुंबईत आणि चौथा फ्रँकफर्टात, अशी वेळ त्याशिवाय टळत नाही. राजकीय पक्षांत ही फोडाफोडी आपण पाहिलीच आहे, तिथेही शेवटी प्रश्न हाच असतो की मूळ आरक्षण कुणाचं.

अमेरिकेत एक नियम फार सोयीचा आहे. विमान सुटायला सात दिवस किंवा जास्त असतील आणि तिकीट थेट विमान कंपनीकडून घेतलं असेल, तर चोवीस तासांत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळवता येतात. (काही कंपन्या त्याऐवजी भाव चोवीस तास धरून ठेवतात, तेवढं वाचून घ्यावं.) त्यामुळे तिकीट आधी काढायचं आणि विचार नंतर करायचा. हाच क्रम घरच्यांना विचारण्याबाबतही लागू पडतो.

पुढे नागपूरला जायचं असेल आणि मुंबई-नागपूर स्वस्त दिसलं म्हणून वेगळं काढलंत, तर पहिलं विमान लेट झाल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. मुंबईत इमिग्रेशन, बॅगांचा पट्टा आणि कस्टम्स पार करून तुम्ही पुन्हा रांगेत पहिल्यापासून उभे. दोन विमानांत पाच तास तरी ठेवा.

भाव का वाढतात, यावर इकडच्या पॉटलकमध्ये (म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात) जेवढी चर्चा होते तेवढी इंधनावर विमान कंपन्यांतही होत नसेल. एक कारण मात्र नकाशावर दिसतं. 2022 पासून अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं. म्हणजे जगाचं राजकारण बिघडलं की त्याची वर्गणी आमच्या तिकिटातून वळती होते. लांबचा वळसा, जास्त इंधन, काही वेळा ते भरायला वाटेत थांबा. त्या थांब्यात माणूस खुर्चीतच बसून राहतो आणि परराष्ट्र धोरणावर त्याची मतं तयार होतात. ती मग आयुष्यभर टिकतात.

ऋतूंचं गणित मात्र साधं आहे. जून-जुलैत शाळांना सुट्टी, डिसेंबरच्या उत्तरार्धात नाताळ. या दोन्ही वेळी जाणाऱ्याने वडिलोपार्जित जमीन विकायला काढावी. शाळा उघडल्या की सप्टेंबरमध्ये भाव उतरतात, आणि तेव्हाच कधीतरी आपल्याकडे महाळ सुरू होतात. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, विमानात जागाच जागा. महाराष्ट्रात सध्या इतके पक्ष आहेत, पण माझा पाठिंबा गेली कित्येक वर्षं पितृपक्षालाच आहे.

तिकीट मिळालं म्हणजे जाता येतं असं मात्र नाही. परदेशस्थांच्या तीन पोटजाती आहेत: एच-वन (नोकरीच्या व्हिसावरचे), ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना असलेले) आणि ओसीआय (परदेशी नागरिक झाल्यावर भारत देतो ते कार्ड बाळगणारे). पैकी एच-वनवाल्याचं दुखणं भारतातल्या माणसाला समजावणं कठीण. पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का फक्त आत येण्यासाठी असतो. राहण्याची मुदत आय-94 नावाच्या वेगळ्याच कागदावर चालते. त्यामुळे शिक्का संपलेला माणूस इथे वर्षानुवर्षं कायदेशीरपणे नांदतो, आणि काकाच्या मुलीच्या लग्नाला म्हणून बाहेर पडला की परत यायला त्याला नवा शिक्का लागतो. पूर्वी काहीजण मेक्सिको किंवा कॅनडात जाऊन हे उरकत. सप्टेंबर 2025 पासून स्वतःच्या देशात किंवा जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथेच मुलाखत द्या, असा दंडक आला. मुलाखतीत ‘221-जी’चा कागद हाती पडला तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा नसतो. ‘बघू’ असा असतो. हे ‘बघू’ आठवड्याचंही असतं आणि महिन्यांचंही, तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे किंवा व्हिसा लोंबकळत, आणि तुम्ही सासुरवाडीला सकाळचे पोहे खात, इकडच्या मॅनेजरला रात्री दोनला फोन करत.

पण खरा कस लागतो तो आई-बाबांना इकडे बोलावताना. व्हिसाची फी 185 डॉलर, मिळो न मिळो परत नाही. डीएस-160 नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. वीस मिनिटं हात लावला नाही की तो मिटतो, म्हणून पहिल्याच पानावर दिसणारा अर्ज क्रमांक लिहून घ्यावा आणि दर पानाला सेव्ह करावं. वीस मिनिटं पुष्कळ झाली असं वाटतं, पण तो फॉर्म फोनवरून बाबांना विचारत भरायचा असतो.

“बाबा, तुम्ही कुठल्या टोळीचे आहात का?”

“म्हणजे?”

“क्लॅन ऑर ट्राइब असं विचारलंय.”

“भारद्वाज गोत्र लिही. आणि कुलदैवत तुळजाभवानी. तिकडच्या लोकांना कळू दे.”

इथे ‘नाही’ लिहायचं. तुमच्या नावाला टेलिकोड आहे का, इथेही ‘नाही’. (तो मुख्यतः चिनी लिपीतल्या नावांसाठीचा आकडा आहे. बाबा एसटीडी कोड सांगतात.) यापूर्वी दुसरं नाव होतं का, इथे मात्र आईचं ‘होय’. मराठी बाईचं लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि त्या पिढीत पुष्कळदा पहिलंही. शाळेच्या दाखल्यावरची सुमन कुलकर्णी पासपोर्टवर स्मिता देशपांडे असते आणि आधारवर तिच्या स्पेलिंगमध्ये एक ई जास्त असतो. फॉर्मवर पासपोर्टमधलं स्पेलिंग जसंच्या तसं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये असेल तर तिथेच, आणि माहेरचं संपूर्ण नाव ‘इतर नावं’मध्ये. हे सोडून दिलं तर कुणी फासावर देत नाही, पण पुढच्या वेळी दोन अर्ज जुळत नाहीत आणि मग प्रश्न येतात.

शेवटची पानं सुरक्षेची. तुम्ही हेरगिरीसाठी येत आहात काय? दहशतवादी संघटनेचे सदस्य आहात काय? लहान मुलांची सैन्यात भरती केली आहे काय? निवृत्त मुख्याध्यापक या शेवटच्या प्रश्नावर थबकतात, कारण एनसीसीत त्यांनी पुष्कळ मुलं भरती केलेली असतात. इथे फोन काढून घेऊन आईकडे द्यावा.

मुंबईत आधी एका केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो, मग बीकेसीत वकिलातीत मुलाखत. आत मोबाइल आणि बॅग नेता येत नाही. चष्मा घालून फोटो चालत नाही. बाबा सोबत नेतात ती फाइल मात्र चालते: सातबारा, मुदत ठेवी, पेन्शनचा आदेश, मुलाचे पगाराचे कागद, वास्तुशांतीचा फोटो. ती फाइल बहुधा कुणी उघडत नाही. दोन मिनिटांत तीन प्रश्न: कुणाकडे, किती दिवस, परत कशासाठी येणार. कायदा असं धरूनच चालतो की अर्जदार अमेरिकेत राहायलाच निघालाय, आणि नाही हे त्याने पटवायचं. “नातवाबरोबर राहायचंय हो कायमचं, पण मुलगा ठेवून घेईल तर ना” हा विनोद घरी करायचा.

विमानात व्हीलचेअर आधी सांगून ठेवावी, पैसे पडत नाहीत. बाबा रोज टेकडी चढतात हे खरं असलं, तरी विमानतळावर चढ नसतो, पाट्या असतात.

ओसीआयवाल्यांना वाटतं आपण सुटलो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की 1955 च्या कायद्याने भारताचं आपोआप संपतं, मग पासपोर्ट परत करून तसा दाखला घ्यायचा आणि त्यानंतर ओसीआयसाठी अर्ज. त्या अर्जात फोटो चौरस, 51 मिलिमीटर बाजूचा, आणि मागची भिंत फिकट रंगाची पण पांढरी नको. अमेरिकन पासपोर्टाला नेमकी पांढरी लागते. दुकानदार विचारल्याशिवाय पांढरीच लावतो. सही स्कॅन करायची ती उंचीच्या तिप्पट रुंद. आपल्या सह्या अशा लांबट नसतात. मराठी सहीला खाली एक जोरकस रेघ असते आणि त्याखाली विनाकारण दोन टिंबं, तेवढ्याने प्रमाण बिघडतं. ती रेघ सोडून सही करायला बसलेला मध्यमवयीन माणूस पाहावा: पाच-सहा कोरे कागद, जिभेचं टोक बाहेर, आणि शेवटच्या कागदावर सवयीने पुन्हा रेघ. दोन टिंबांसकट.

कार्डावर आयुष्यभर ये-जा करता येते. शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मत देता येत नाही.

आम्ही एकटेच कागदांत अडकतो असंही नाही. हापूसला अमेरिकेत प्रवेश मिळाला 2007 साली, तोही लासलगावला, म्हणजे कांद्याच्या गावी, विकिरण (किडीसाठी किरणांचा मारा) करून घेतल्यावर. मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्यांच्या पंधरा खेपा इथल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आंबा नासका नव्हता, कागदपत्रात त्रुटी होती. परत न्या किंवा नष्ट करा, असं सांगितलं गेलं आणि माल नष्ट झाला. ती बातमी वाचून एच-वनवाल्यांनी जे उसासे टाकले ते नुसते आंब्यासाठी नव्हते. बॅगेतून तर फळ आणूच नये. कैरीचं लोणचं चालतं, कैरी नाही. आंबेमोहोरही नाही, कारण तांदळातून खापरा नावाचा किडा येतो आणि त्याला बघितलं की इथले अधिकारी हादरतात. सुकं खोबरं तर तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून मुंबईतच काढून ठेवतात. तेवढ्यासाठी बॅग उघडली की आईने बांधलेली दोरी पुन्हा तशी बांधता येत नाही.

आता मत. ज्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्याला 2010 च्या दुरुस्तीपासून मतदार होता येतं. फॉर्म 6-ए भरायचा, नाव पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात लागतं. मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन त्याच केंद्रावर स्वतः उभं राहायचं. टपाल नाही, ऑनलाइन नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पुढे ती लोकसभाच संपली. 2024 च्या लोकसभेला अशा नोंदलेल्या मतदारांची संख्या होती 1 लाख 19 हजारांच्या घरात, प्रत्यक्ष येऊन मत दिलं तीन हजारांहूनही कमी जणांनी, आणि त्यातही बहुतेक केरळचे. हजार-बाराशे डॉलरला एक मत पडतं. इतक्या भावात महाराष्ट्रात कुणी विकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

मत देता येत नाही म्हणून आम्ही मतं देतो. फुकट, रोज, पन्नासजणांच्या ग्रुपवर. साताऱ्याचा चुलतभाऊ ज्या दिवशी रांगेत उभा राहून शाई लावून येतो, त्या दिवशी न्यू जर्सीतल्या एडिसनमधला माणूस त्याला समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर समजावून सांगत असतो. पण मुलांना समजावणं जास्त अवघड. इथे जन्मलेल्या मुलीला शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन, हे चिन्हांवरून शिकवावं लागतं: धनुष्यबाण, मशाल, घड्याळ, तुतारी वाजवणारा माणूस. “आणि हे?” म्हणून ती अपक्षांच्या पिपाणीवर बोट ठेवते. पिपाणी म्हणजे तुतारी नव्हे, हे 2024 मध्ये पुष्कळ मोठ्यांनाही वेळेत कळलं नाही.

मतमोजणी मात्र आमच्या सोयीची असते. विधानसभेची 23 नोव्हेंबर 2024 ला सकाळी आठला सुरू झाली, तेव्हा इथे शुक्रवारची रात्र, साडेनऊ. दुसऱ्या दिवशी ऑफिस नाही, भडंग तयार. टपाली मतांपासून शेवटच्या फेरीपर्यंत जागणारी माणसं न्यू जर्सीतच सापडतील. साताऱ्याचा भाऊ तोवर दुकान उघडून बसलेला असतो. त्याला फोन करून विचारलं की म्हणतो, “लागेल तो लागेल रे. तू येतोयस कधी?”

उत्तर द्यायच्या आधी आम्ही दुसऱ्या खिडकीत बघतो. सप्टेंबरचं मुंबई चाळीस डॉलरनी उतरलेलं असतं. काढून टाकतो. चोवीस तास आहेत.