अंधाऱ्या पाण्यात ऑटोफोकस बाद? नाही

‘पाण्याखाली उजेड कमी असेल तर ऑटोफोकस बंद करा, अंतर बघून हाताने फोकस लावा,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे. ऑटोफोकसला हवा असतो कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक. हाउसिंगवर (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीवर) छोटा फोकस लाइट लावून एकच फोकस पॉइंट माशाच्या डोळ्यावर ठेवला, की ऑटोफोकस बहुधा पकडतो. (फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यातला असिस्ट लाइट हाउसिंगमुळे बऱ्याचदा अडतो, त्याच्या भरवशावर राहू नका.)

अंतराची गोष्ट तर त्याहून फसवी. डोम पोर्टमागून (हाउसिंगच्या घुमटाकार पारदर्शक खिडकीमागून) लेन्स खऱ्या माशावर नव्हे, त्याच्या आभासी प्रतिमेवर फोकस करते. खूप दूरच्या वस्तूचीही प्रतिमा डोमपासून त्याच्या त्रिज्येच्या साधारण ३ पट अंतरावरच असते. म्हणजे मासा २ मीटरवर आहे म्हणून लेन्सची फोकस रिंग २ मीटरवर लावलीत, तर फोकस चुकणारच.