क्रिएटिनिन 1.1 चं 1.3 झालं, म्हणून गोळी बंद?

एप्रिल लागला की आमच्या पाचोऱ्याच्या मेडिकलवर ओआरएसची पाकिटं खपतात आणि फोनवर फॉरवर्ड फिरतात. यंदाचा फॉरवर्ड थोडक्यात असा आहे: "बीपी हा टेन्शनचा आजार, किडनीशी त्याचा संबंध नाही. टेल्मिसार्टन वगैरे गोळ्या म्हणजे केमिकलचं विष. गोळी सुरू केली की क्रिएटिनिन वाढतं, हाच पुरावा. गोळी बंद करा, सैंधव मीठ वापरा, रोज दोन केळी खा, महिन्यात किडनीची सूज उतरेल. दहा जणांना पाठवा."

भडगावच्या माझ्या मावशीने तो दहा जणांना पाठवला आणि स्वतः गोळी सोडली. बारा वर्षांची शुगर, लघवीतून प्रोटीन जातंय, तीन आठवड्यांपूर्वीच टेल्मिसार्टन सुरू झालेली. फोनवर म्हणे, "गोयीमुये किडनी खराब व्हस भाऊ, मी बंद करी टाकी." तिचा रिपोर्ट खरा होता. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला जो कचरा किडनी गाळून बाहेर टाकते तो, 1.1 होतं, ते 1.3 झालं होतं. म्हणून हा मेसेज नुसता हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

"बीपीचा किडनीशी संबंध नाही." हे तर 1898 सालीच निकालात निघालं. स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बेर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. 1934 मध्ये अमेरिकेत गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीला रक्त नेणारी धमनी चिमट्याने आवळली. कुत्र्यांना कसलं टेन्शन नव्हतं, तरी बीपी वाढलं. किडनीला रक्त कमी पडतंय असं वाटलं की ती रेनिन सोडते. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, त्या तुकड्याला मुख्यतः फुप्फुसातलं एक एन्झाइम आणखी छाटतं, आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-2. ते रक्तवाहिन्या आवळतं, आणि अल्डोस्टेरॉन नावाच्या दुसऱ्या हार्मोनला कामाला लावून मीठ-पाणी शरीरात अडवून ठेवतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला नुसतं बीपीचं हार्मोन म्हणता आलं असतं.

आता "किडनीची सूज." मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पायावरची सूज असावी, बोटाने दाबली की खड्डा पडतो ती. ते पाणी असतं. किडनीच्या आत जे होतं त्याला दाह म्हणायला हवं, आणि तो बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. गंमत अशी की हा दाह पेटता ठेवणाऱ्यांत अँजिओटेन्सिन-2 चा मोठा वाटा आहे, आणि मावशीने सोडलेली गोळी नेमकी त्याचीच वाट अडवते.

हे घडतं कसं? किडनीच्या पेशींवर या हार्मोनसाठी एक खास जागा असते, एटी-1 रिसेप्टर. हार्मोन तिथे बसलं की पेशीत ऑक्सिजनचे तिखट, जाळणारे रेणू तयार होतात. त्यांच्यामुळे एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू होतो आणि पेशी रक्तात आवतण धाडायला लागते, एमसीपी-1 सारख्या रसायनांचं. आवतण मिळालेल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज आणि टी-पेशी, किडनीत येऊन बसतात आणि स्वतः आणखी रसायनं सोडतात. जोडीला टीजीएफ-बीटा नावाचं रसायन वाढतं, ते चिवट धाग्यांचं जाळं विणतं. जिथे गाळणी होती तिथे हळूहळू व्रण उरतो, आणि व्रण झालेली गाळणी परत उगवत नाही. त्यातही किडनीच्या ऊतींमधलं अँजिओटेन्सिन-2 रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, कारण किडनी ते स्वतःही बनवते. 2007 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात टी-पेशी नसलेल्या उंदरांना हेच हार्मोन दिलं, तर त्यांचं बीपी नेहमीच्या उंदरांइतकं चढलं नाही. म्हणजे दाह हा बीपीचा नुसता परिणाम नाही, बीपी वाढवण्यातही त्याचा हात आहे.

हे सगळं बरंचसं उंदरांत आणि काचेच्या ताटलीत दिसलेलं आहे, असं कोणी म्हणालं तर त्याचं खरं आहे. माणसातला पुरावा वेगळ्या वाटेने येतो. 2001 मध्ये टाइप-2 मधुमेह आणि किडनीचा त्रास असलेल्या 1715 रुग्णांवरची चाचणी छापली गेली. एका गटाला टेल्मिसार्टनच्याच जातीचं इर्बेसार्टन, दुसऱ्याला वेगळ्या वाटेने बीपी उतरवणारं अ‍ॅम्लोडिपिन, तिसऱ्याला नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. पहिल्या दोन गटांचं बीपी जवळपास सारखंच उतरलं, 140/77 आणि 141/77. तरीही क्रिएटिनिन दुप्पट होणं, किडनी निकामी होणं किंवा मृत्यू, यांतलं काही घडण्याचा धोका इर्बेसार्टनवाल्यांत अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा 23 टक्के कमी निघाला. दाब सारखा असून फरक पडला, म्हणजे हे हार्मोन दाबाशिवाय आणखी काही बिघडवत होतं.

मग क्रिएटिनिन का वाढलं? मेसेजमधला खरा दम इथेच आहे. पण ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे समजायला दोन मिनिटं पुरतात. लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर लावलेल्या नळीचं, टोक बंद असतं तेव्हा ड्रिपरमधून थेंब जोरात पडतात. फ्लश करायला टोक उघडलं की पाणी तिकडून निघून जातं, नळीतला दाब उतरतो आणि ड्रिपर मंदावतात. किडनीतली प्रत्येक गाळणी ही अशीच बारीक रक्तवाहिन्यांची गुंडाळी आहे, आणि अँजिओटेन्सिन-2 तिच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला जास्त आवळतं. आत दाब चढतो, गाळण जोरात होते, रिपोर्ट झकास दिसतो आणि गाळणी वर्षागणिक फाटत जाते. प्रोटीन लघवीत उतरतं ते तिथूनच. गोळीने टोक सैल केलं की दाब उतरतो, गाळण थोडी मंदावते, क्रिएटिनिन थोडं वर सरकतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. मावशीची 18 टक्के होती. 30 टक्क्यांहून जास्त वाढली, तर मात्र किडनीची धमनी अरुंद आहे का, अंगातलं पाणी कमी झालंय का, हे शोधावं लागतं.

"बंद केली की किडनी सुधारते" हेही करून पाहिलेलं आहे. किडनी बरीच खालावलेल्या 411 रुग्णांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. अर्ध्यांच्या या जातीच्या गोळ्या बंद केल्या, अर्ध्यांच्या चालू ठेवल्या. 2022 मध्ये निकाल आला: तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या किडनीच्या कामात लक्षणीय फरक नव्हता. बंद करणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

"विष" हा शब्द मला आवडला, कारण तो चुकून अर्धा बरोबर पडलाय. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावर सर्जिओ फरेरा नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. त्या विषातल्या घटकांवरून पुढे कॅप्टोप्रिल हे अँजिओटेन्सिन-2 बनू न देणारं बीपीचं औषध बनलं, आणि 1981 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. 'प्रिल' शेपटीच्या गोळ्या त्या घराण्यातल्या, 'सार्टन' शेपटीच्या नंतरच्या.

सैंधवाचं लवकर उरकतो: तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. शेव, पापड, ठेचा तसाच ठेवून डब्यातलं मीठ बदललं तर काही होत नाही. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. केळ्यांबद्दल बोलताना जीभ अडखळते, रावेर-यावल आमच्याच जिल्ह्यात. पण ही गोळी अल्डोस्टेरॉन कमी करते, म्हणून पोटॅशियम अंगात राहतं. किडनी मंद असेल तर ते रक्तात साचून हृदयाचा ठोका बिघडवू शकतं. त्यावर रोज दोन केळी आणि ते मीठ, हा सल्ला उलटा आहे. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिनसोबत पोटॅशियमही तपासतात.

एक गोष्ट मेसेजवाल्याने लिहिली असती तर मी हात जोडले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. उलट्या-जुलाब सुरू झाले, पोटात पाणी टिकत नाहीये, त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक चालू आहे आणि ही गोळीही चालू आहे, तर किडनी खरंच अचानक बसू शकते. अशा दिवसांत गोळी थोडे दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावं. दुखण्याची गोळी तर मेडिकलवाल्याकडून परस्पर मागूच नये, मग तो मी असलो तरी. आणि पोटात बाळ असेल तर 'प्रिल' आणि 'सार्टन' दोन्ही चालत नाहीत.

मावशीचं बीपी गोळीविना 170/100 वर गेलं होतं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन 1.3 वरच आहे, लघवीतलं प्रोटीन निम्म्यावर आलंय, पोटॅशियम 4.6, म्हणजे हद्दीत. रोज एक केळं खायला परवानगी मिळालीये. दुसरं ती नातवाला देते म्हणे, पण मी काही बघायला गेलो नाही.