मीठ ओलं होतं, खोली कोरडी होत नाही

दमटपणावरच्या घरगुती उपायांची एक यादी सध्या खूप फिरते आहे. रात्री खोलीच्या चार कोपऱ्यांत खडेमिठाच्या वाट्या ठेवा, कपाटात कोळसा आणि खाण्याचा सोडा ठेवा, दोन-चार झाडं आत आणा, पंखा चालू ठेवा, दिवसभर खिडक्या उघड्या ठेवा. म्हणे सकाळपर्यंत आर्द्रता निम्म्यावर येते, आणि वाटीतलं मीठ ओलं झालेलं दिसतं हाच त्याचा पुरावा!

आधी हिशोब. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच खोलीत 36 घनमीटर हवा असते. 28 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 27 ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. म्हणजे 80 टक्के आर्द्रतेला त्या खोलीत साधारण 780 ग्रॅम पाणी तरंगत असतं. ते 55 टक्क्यांवर आणायचं तर सुमारे 245 ग्रॅम काढावं लागेल. तेवढ्यावरही भागत नाही. सगळं बंद केलं तरी फटींतून हवा येत-जात राहते. दोन तासांत खोलीभर हवा बदलते असं धरलं आणि बाहेर 80 टक्केच दमटपणा असला, तर 55 टक्क्यांवर आणलेल्या खोलीत, बाहेर जाणारं वजा करून, तासाला 120 ग्रॅम नवं बाष्प आत येतं. झोपलेला एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून ताशी 40-50 ग्रॅमची भर घालतो. उपाय कुठलाही असो, त्याची गाठ ताशी दीडशे ग्रॅमहून जास्त पाण्याशी आहे.

‘मीठ हवेतला ओलावा शोषतं.’ शोषतं, पण आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच. शुद्ध मीठ त्या पातळीला विरघळू लागतं. त्याखाली ते कोरडंच राहतं. त्यामुळे मीठ कितीही ओतलं तरी ते खोलीला 75 च्या खाली नेऊ शकत नाही, आणि बुरशी रोखायला हवी असते 60 च्या आतली आर्द्रता. 75 च्या वरही वेग फार कमी. वाटीचा उघडा पृष्ठभाग तळहाताएवढा, हवा जवळजवळ स्थिर, म्हणून रात्रभरात जेमतेम काही ग्रॅम पाणी जमतं. खडेमीठ 75 च्या आधीच सादळतं ते त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. ओलं मीठ एवढंच सांगतं की हवा दमट आहे.

या गुणाचा खरा उपयोग वेगळा आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून चिखलासारखं करा आणि आर्द्रतामापकाबरोबर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत 12 तास ठेवा. मापक 75 दाखवायला हवा. 70 दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यात 5 मिळवायचे. झाकणात पाणी जास्त होऊन मीठ पूर्ण विरघळलं तर आकडा वर जातो आणि तपासणी फुकट जाते.

‘कोळसा आणि सोडा.’ दोन्ही वास कमी करतात, म्हणून कुबटपणा गेल्यासारखा वाटतो. पाणी मात्र अगदी थोडं धरतात, आणि ऊब मिळाली की कोळसा धरलेलं पाणी परत सोडतो.

‘झाडं दमटपणा खेचतात.’ उलट आहे. कुंडीत घातलेलं बहुतेक सगळं पाणी पानांवाटे आणि मातीतून खोलीच्याच हवेत येतं.

‘पंखा लावा, खिडक्या उघडा.’ यादीतला हाच सल्ला अर्धा कामाचा आहे. पंखा हवेतलं पाणी कमी करत नाही, पण भिंती आणि कपाटामागची साचलेली हवा हलवतो, त्यामुळे तिथे बुरशी उशिरा धरते. खिडकीचं उत्तर मात्र बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे, आणि ते टक्क्यांवरून ठरवता येत नाही. बाहेर 12 अंश आणि 90 टक्के असेल तर घनमीटरमागे पाणी फक्त साडेनऊ ग्रॅम. तीच हवा आत 22 अंशाला आली की 50 टक्क्यांवर येते. अशा वेळी खिडकी जरूर उघडा. बाहेर 24 अंश, 95 टक्के आणि आत 28 अंश, 75 टक्के असेल तर दोन्हीकडे पाणी सव्वावीस ते पावणेएकवीस ग्रॅम. उघडून काही हाती लागत नाही. हवामानाच्या ॲपवर दवबिंदू दिलेला असतो, म्हणजे ज्या तापमानाला हवा गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली असेल तेव्हा उघडा, नाहीतर बंद.

‘दमटपणा काढणाऱ्या यंत्राची (डीह्युमिडिफायरची) गरजच नाही.’ पुष्कळदा खरंच नसते, पण ते श्रेय मिठाचं नाही. पाणी हवेत जाण्याआधी अडवलं तर फरक पडतो. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेत दोन लिटर पाणी सहज उरतं. ते आत वाळत घातले की सगळं हवेत. दुसऱ्यांदा स्पिन करा, आणि आत वाळत घालणं टळतच नसेल तर एकाच खोलीत, दार लावून, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून. अंघोळीनंतर फरशी आणि टाइल्स वायपरने ओढून घ्या. ते पाणी नाल्यात जातं. भांड्यांवर झाकण ठेवा. गॅसच्या ज्योतीतूनही पाणी तयार होतं, एक किलो एलपीजी जळला की सुमारे 1.6 किलो, म्हणून शिजवताना आणि नंतर 15 मिनिटं एक्झॉस्ट हवाच.

शोषक पदार्थ बंद जागेत चालतात. 50 लिटरच्या डब्यातल्या हवेत जेमतेम एक ग्रॅम बाष्प असतं, तिथे 50 ग्रॅम सिलिका जेल (नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुड्यांत असतात ते ओलावा शोषणारे दाणे) पुरतं. फसतं ते आतल्या वस्तूंमुळे: 65 टक्के आर्द्रतेत सुती कापड वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, म्हणजे 5 किलो कपड्यांत 400 ग्रॅम. कपडे आधी खणखणीत वाळवा, मगच डबा लावा. जेल 110-120 अंशाला दीड-दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. निळ्याचं गुलाबी होणारं जेल स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, त्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिठापेक्षा कितीतरी सरस, स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी ओढतात. पण खाली जमणारं द्रावण धातू गंजवतं आणि चामडं खराब करतं, तेव्हा डबा आडवा होऊ देऊ नका.

इतकं करूनही एकाच भिंतीवर डाग येत असेल तर तिथे 45 सेंटिमीटरचा चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने बंद करून लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला धरले तर हवेतलं बाष्प गार भिंतीवर साचतंय: कपाट 8-10 सेंटिमीटर पुढे ओढा, वारा खेळू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडे असले तर पाणी भिंतीतून येतंय, आणि आधी शोधायचा तो फुटलेला नळ, बाहेरची भेग किंवा गच्चीचा पाझर.