बाल्कनीवाले काका

बायकोच्या सातारच्या मावशींना फ्लेमिंगो बघायचे होते. भरतीच्या वेळा आणि माझी रजा यांचं एकदाचं जमलं आणि आम्ही नवी मुंबईतल्या ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने निघालो.

पुढची जागा एका काकांनी आधीच धरली होती. डोक्यावर रुंद काठाची पांढरी टोपी. माझ्या प्रत्येक फोटोत ती टोपी आहे. फ्लेमिंगो असतीलच असं नाही.

"आम्ही सीवूड्सला," काका मावशींना म्हणाले. "बाल्कनीतून फुकट दिसतात हो."

मग इथे पैसे भरून कशाला आलात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बायकोने पायावर पाय दिला.

"गुलाबी कशाने होतात, माहितीय? सगळं सांडपाणी!"

मी तयारी करून आलो होतो. म्हटलं, "नाही काका, ते शेवाळ खातात, त्याचा रंग पिसांत उतरतो."

"आणि शेवाळ कशावर माजतं?"

बोंबला! खाडीत सांडपाणी येतं, शेवाळ माजतं आणि म्हणून हे पक्षी एवढ्या संख्येने येतात, असं जाणकारही म्हणतात. चुकीच्या माणसाचं निम्मं बरोबर निघावं, यासारखा ताप नाही. मावशींनी तर माझ्याकडे बघणंच सोडलं.

तेवढ्यात चिखलावर थवा दिसला. माना खाली, चोची उलट्या, निवांत चरत होते. काकांनी फाडफाड टाळ्या वाजवल्या. अख्खा थवा उठला आणि लांब गेला.

"ओ साहेब, भजन हाय का इथं?" बोटवाला ओरडला. माझ्याकडे बघून!

मी काकांकडे बघितलं. काका क्षितिजाकडे बघत होते. वर मावशींना हळूच म्हणाले, "उडताना पंख बघितलेत ना? आतून कसले लालभडक!" मावशी खूश.

तसं काकांच्या बाल्कनीचं खोटं नाही. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येऊन बसतात. ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्य म्हटलं, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, म्हणजे रामसरच्या यादीतही घातलं. तळी मात्र हद्दीबाहेर. 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या एका तळ्यात भरतीचं पाणी शिरायची वाट बुजली, तळं सुकलं, पक्षी मेले. रस्त्याकडेला मात्र फ्लेमिंगोचे पुतळे झोकात उभे. त्यांना ना चिखल लागतो, ना शेवाळ. मी हे पोटतिडकीने सांगायला घेतलं, तर काका म्हणाले, "जाऊ द्या हो, सहलीला आलोय ना आपण!"

उतरताना मावशींनी त्यांचा नंबर घेतला. रविवारी भरतीच्या वेळेला बाल्कनीत चहाचं आमंत्रण आहे. मावशींना आणि बायकोला. मी गाडी घेऊन खाली थांबायचंय, कारण त्यांच्या सोसायटीत पाहुण्यांना पार्किंग नाही.