दहावा खंड निष्ठेने कसा वाचावा

सर्वात आधी, नऊ खंड पचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घ्या. मग दहाव्यात काहीतरी घडेल ही आशा सोडा. राग येणार नाही, निदान पहिली दोनशे पानं तरी.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ मालिकेतला ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ जानेवारी 2003 मध्ये आला. नववा खंड नोव्हेंबर 2000 चा. दरम्यानच्या काळात भक्तांनी नवव्याच्या शेवटाची पारायणं केली, आणि तो शेवट होताही त्या लायकीचा. पुरुषांच्या वाट्याची जादूशक्ती, साइदिन, तीन हजार वर्षांपासून नासलेली. वापरेल तो वेडा होणार, हे ठरलेलं. कथानायक रँड आणि त्याची सोबतीण नायनिव्ह ती शुद्ध करतात. आता सगळं जग उलटंपालटं होणार!

दहावा उघडा. जग जागेवरच आहे, कारण तारीख मागे गेली आहे. पेरिन, एलेन, एग्वेन ही बाकीची मुख्य पात्रं, ज्याचा त्याचा धागा त्या शुद्धीकरणाच्या आधीपासून सुरू होतो आणि हळूहळू त्याच दिवसापाशी येतो. मग जादू जाणणारी एकेक बाई दूर क्षितिजाकडे बघून दचकते, ‘एवढी प्रचंड शक्ती कोण वापरत असेल?’ असं विचारते आणि चहा मागवते. उत्तर तुम्हाला नवव्या खंडापासून पाठ आहे. ओरडून उपयोग नाही, त्यांना ऐकू जात नाही. त्यापेक्षा एक वही घ्या आणि प्रत्येक धाग्यापुढे ‘शुद्धीकरणाआधी’ की ‘नंतर’ एवढं लिहीत चला. संपादकाचं काम फुकटात केल्याचं पुण्य लागेल.

प्रस्तावना एका बैठकीत वाचायचा अट्टहास करू नका. नमनाला घडाभर तेल म्हणतात, ते इथे पिंपभर आहे. ती इतकी ऐसपैस होती की पुस्तकाच्या आधी ई-बुक म्हणून वेगळी विकली गेली. आएस सेदाई, म्हणजे जादू जाणणाऱ्या बायकांच्या संघातल्या बायकांची नावंही पाठ करायला जाऊ नका. शालीच्या झालरीचा रंग बघा, सातांपैकी कोणता पंथ ते कळतं, आणि कोणी कोणावर डोळे वटारायचे तेही. बाकी घागऱ्याच्या चुण्या सारख्या करणं सगळ्यांचं सारखंच असतं.

एलेनसाठी दुसरी वही. अँडोर राज्याच्या सिंहासनासाठी 19 मोठ्या घराण्यांपैकी 10 पाठीशी लागतात. आकडा दहावर कधी जातो हे बघायला तुम्ही श्वास रोखून बसाल, तोवर ती आंघोळ करून घेईल. सिंहासन मिळतं अकराव्या खंडात. ज्याच्यावर सगळ्या जगाचा भार आहे त्या रँडची गाठ 24 व्या प्रकरणात पडते. आधीच्या खंडात त्याने जरा जास्तच काम केलं होतं, रजा मंजूर समजा. मॅट आणि तुऑनची प्रकरणं मात्र पुरवून वाचा. आपण पळवून आणलेल्या मुलीशीच आपलं लग्न ठरलेलं आहे हे माहीत असलेला जुगारी, आणि त्याच्याकडे नवा घोडा पारखावा तशी बघणारी ती. एरवी बर्फासारख्या गोठलेल्या या खंडात तेवढीच ऊब.

आता पेरिन. त्याची बायको नवव्या खंडात शाईदो नावाच्या लढवय्या टोळीने पळवली, सुटते अकराव्यात. मधल्या काळात नवऱ्याने काय करावं? धान्य खरेदी. सो हाबर नावाच्या गावात तो गाड्या घेऊन जातो, तर गोदामातल्या धान्याला टोके लागलेले. मग ते धान्य कडाक्याच्या थंडीत उफणायचं. गावात मेलेली माणसं फिरतात म्हणून गावकरी भेदरलेले, पण आपलं लक्ष किड्यांकडे. इथे बरेच जण पानं चाळू लागतात. चाळा खुशाल. फक्त 27 व्या प्रकरणाशी थांबा.

तिथे पेरिन शाईदो कैद्याचा हात कुऱ्हाडीने तोडतो. बायकोचा ठावठिकाणा हवा म्हणून, आणि थंड डोक्याने. मग ती कुऱ्हाड एका झाडात रुतवून तिथेच सोडून देतो. पहिल्या खंडात, म्हणजे 1990 साली, एलायस नावाच्या सोबत्याने त्याला सांगितलं होतं: या कुऱ्हाडीचा तिटकारा वाटतोय तोवर जवळ ठेव, वाटेनासा झाला की फेकून दे. एवढी लांब पेरणी करून पीक घेणारे लेखक थोडे. आणि वैताग असा की उफणणीची ती कंटाळवाणी पानं वगळली तर कुऱ्हाड निम्मी हलकी होते. एकेक दिवस फुकट चाललेला बघणाऱ्या माणसाचा तोल कसा जातो हे त्या किड्यांनीच दाखवलेलं असतं. ही कबुली मनातच ठेवा, चारचौघांत ‘टोके’ म्हणून हसायचंच.

तिसावं प्रकरण रात्री वाचू नका. एग्वेन टार व्हॅलोन शहराच्या बंदराची साखळी जादूने अभेद्य करायला स्वतः जाते, आणि अख्ख्या खंडाने आवरून धरलेली गती शेवटच्या काही पानांत तुमच्यावर सोडली जाते. तेवढ्यात पुस्तक संपतं. तुमच्याकडे अकरावा खंड उशाशी आहे. 2003 च्या वाचकांना तो ऑक्टोबर 2005 मध्ये मिळाला. गोष्ट पुढे सरकावी म्हणून ते तळमळत होते, म्हणून 2004 मध्ये त्यांना मूळ कथेच्या वीसेक वर्षं आधीची कादंबरी देण्यात आली.

अकराव्यात गाडा सुसाट सुटतो. 2007 मध्ये जॉर्डन गेले आणि उरलेला एक शेवटचा खंड ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून लिहिता लिहिता तीन खंडांचा झाला. तेव्हा दहाव्याला शिव्या घालताना एकच पथ्य पाळा: तिसऱ्या खंडात मालिका सोडून दिलेला कोणी तुमच्या सुरात सूर मिसळू लागला, तर लगेच बाजू बदला आणि त्याला सो हाबरच्या हिवाळ्याचं महत्त्व समजावून सांगा.